पोर्ट ऑफ स्पेन आणि आपले गोखले

क्रूझ त्रिनिदादला एक दिवस थांबली. बाकीची मंडळी समुद्रात डुंबायला गेली, माझ्या डोक्यात मात्र गिरमिटिये! 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' हे जहाज दोनशेवर हिंदी मजूर घेऊन इथे लागलं. कलकत्त्याहून निघून तीन महिन्यांहून जास्त समुद्रात. पुढच्या जहाजांतल्या मजुरांना आधी नेल्सन बेटावर उतरवून तपासत, मग उसाच्या मळ्यांवर धाडत. करार पाच वर्षांचा, आणि तो मोडला तर थेट तुरुंग. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, मराठी फारशी नाहीत.

तरी ही प्रथाच बंद करा असा ठराव ४ मार्च १९१२ ला कायदेमंडळात मांडला तो पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ३३ विरुद्ध २२ मतांनी तो पडला. बाजूची २२ मतं सगळी बिनसरकारी हिंदी सभासदांची! 'नेमस्त' म्हणून आपण पुणेकर त्यांना नाकं मुरडतो, पण ज्यांची भाषाही वेगळी अशा मजुरांसाठी ते भांडले. असो. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. भरती थांबली ती १९१७ मध्ये.