दुसरं आवर्तन

तर झालं असं, की आईच्या पंच्याहत्तरीला काहीतरी वेगळं द्यायचं असं आम्ही भावंडांनी ठरवलं. पोरं अभंग म्हणणार आणि साथीला मामाचा पखवाज. अडचण एकच. मामाला जाऊन नऊ वर्षं झाली. मागे उरलीय ती १९९४ सालच्या भजनाची एक कॅसेट. त्यात कुणीतरी सारखं खोकतंय, मध्येच चहा आल्याची वर्दी आहे, आणि निव्वळ पखवाज असलेला स्वच्छ तुकडा जेमतेम एक मिनिटाचा.

घरी आठ ट्रॅकचा जुना डिजिटल रेकॉर्डर आहे. म्हटलं, आपण इंजिनिअर माणूस, एक आवर्तन कापू, लूप लावू, हवं तेवढं वाजवू! शनिवारी रात्री तळेगावातली आमची सोसायटी झोपल्यावर हेडफोन लावून बसलो. तासाभरात लूप तयार. ऐकला. ठेका बरोबर होता, पण तो मामा नव्हता.

का नव्हता, हे शोधता शोधता बराच इतिहास वाचून झाला. तो तुमच्याही माथी मारतो. :)

लूप ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. ताल म्हणजेच लूप. तीनतालाच्या सोळा मात्रा संपल्या की पुन्हा सम. तबल्याचं एकल वादन चालू असताना हार्मोनियमवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची तीच ती चाल वाजवत राहतो, तिला लहरा म्हणतात. तबलजी कुठंही भटकून येवो, परतायचं ते लहऱ्याच्या समेवर. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथ केलेले उस्ताद अहमदजान थिरकवाँ असे एकल वादनाला बसले, की शेजारी हा जिवंत लूप फिरतच असायचा.

या लूपला कागदावर चौकटीत बसवणारा माणूसही आपलाच. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६), मुंबईचे, पेशानं वकील. त्यांनी मराठीत क्रमिक पुस्तकमालिका काढली. त्यातल्या लिपीत प्रत्येक मात्रेला आपली जागा, समेला फुली, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना आकडे. आजच्या कुठल्याही ड्रम एडिटरचा पडदा त्याच्या शेजारी ठेवा, भाऊबंदच वाटतील. फरक एवढाच, की भातखंड्यांची चौकट माणसानं वाचायची होती. दोन मात्रांमधलं अंतर किती ताणायचं, ते वाचणाऱ्याच्या हातात.

मग यंत्रं आली. १९५९ साली अमेरिकेत वुर्लित्झर कंपनीनं 'साइडमन' बाजारात आणला. आत मोटरवर फिरणारी चकती, तिच्यावर विजेचे संपर्कबिंदू. चकती एकदा फिरली की ठेका एकदा वाजला. अक्षरशः आवर्तन! वेग कमी-जास्त करता यायचा, पण ठेके कंपनीनं दिलेले तेच.

१९८० साली दोन महत्त्वाची यंत्रं आली. जपानच्या रोलँडचं टीआर-८०८: समोर सोळा बटणांची ओळ, हवी ती दाबा आणि आपला ठेका आपण रचा. दुसरं अमेरिकेतल्या रॉजर लिनचं एलएम-१, ज्यात खऱ्या ड्रमचे आवाज नोंदवलेले होते. लिननं आणखी एक सोय दिली. तुम्ही जरा पुढेमागे वाजवलंत, तर यंत्र तो आघात उचलून जवळच्या घरात नेऊन ठेवणार. हेच ते क्वांटाइझ. आणि सगळं फारच सरळसोट वाटायला लागलं तर एकाआड एक आघात थोडा उशिरा टाकणारं 'स्विंग'ही त्यानंच दिलं. आधी झोल काढायचा, मग मोजून परत घालायचा!

आपल्याकडे या यंत्रांचं काय झालं? १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेसंगीतातल्या वादकानं रोलँडचीच तीन यंत्रं घेतली: ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरांना ज्युपिटर-८. त्यावर दहा राग वाजवले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' अशा नावाची ती तबकडी एचएमव्हीनं काढली आणि ती फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून 'ॲसिड हाउस' जन्माला आलं. २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं, की हे तर मुंबईत पाच वर्षं आधीच झालं होतं! २०१५ साली ते गेले.

त्या रेकॉर्डमध्ये राग डिस्कोच्या अटीवर चालतात. लय एकदा लावली की लावली. डिस्कोला तेच हवं असतं, म्हणून ते जमून गेलं.

भजनाला ते चालत नाही. तळेगाव-चाकण रस्त्यानं इंदोरीच्या पुढे गेलं की तुकोबांचा भंडारा डोंगर लागतो. त्या परिसरात कुठल्याही गावी भजनाला बसून बघा. अभंग संथ सुरू होतो आणि लय हळूहळू चढते. कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना कळतं.

इथं माझी ट्यूब पेटली. मी मामाची सगळी आवर्तनं मोजली. भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिली आवर्तनं पाच सेकंदांची, शेवटची साडेचारच्याही आत. आधी वाटलं, कॅसेटच पळतेय. पण टेप पळाली असती तर पखवाजाचा सूरही चढला असता. सूर होता तिथंच होता. चढत होती ती फक्त लय. म्हणजे तो मामाच होता, आणि मी एक आवर्तन कापून नेमकं तेच चढणं फेकून दिलं होतं.

मग पुन्हा बसलो. तेरा आवर्तनं होती. पहिलं टाकून दिलं, कारण ते शांततेतून सुरू होतं. दुसऱ्यापासून प्रत्येकाच्या तोंडाशी आधीच्या 'धा'ची घुमार आलेली असते, त्यामुळे लूपचा सांधा कळत नाही. (नवशिक्यांनो, लिहून ठेवा: नेहमी दुसरं आवर्तन कापा.) उरलेली बारा क्रमानं लावली आणि प्रत्येक चार वेळा फिरवलं. झाली पावणेचार मिनिटं.

सोबतीला टाळाचा पॅटर्न रेकॉर्डरच्याच ड्रममशीनवर रचला. यंत्राला चार-चार मात्रांचे बार कळतात, म्हणून दोन बार मिळून एक ठेका. आणि प्रत्येक आवर्तनाला टेम्पो वेगळा भरला: सुरुवातीला ९६, शेवटी १०८. इथं आळस करून चालत नाही. लूप दर फेरीला दहा मिलिसेकंद चुकला, तर अठ्ठेचाळीस फेऱ्यांत जवळपास अर्धा सेकंद होतो. ९६ च्या लयीत म्हणजे पाऊण मात्रेहून जास्त. टाळ एकीकडे, पखवाज दुसरीकडे.

क्वांटाइझचं बटण मात्र दाबलं नाही. आजवर माणूस यंत्राच्या मागे धावला, या खेपेला यंत्र मामाच्या मागे धावलं.

पंच्याहत्तरीच्या दिवशी आईनं ऐकलं. डोळे वगैरे पुसले नाहीत. शेवटच्या कडव्यापाशी म्हणाली, "हा नेहमीच घाई करायचा."

असो. रेकॉर्डर परत माळ्यावर टाकलाय.