जाणत्या मित्राचा शोध

लखनौमध्ये ७ जुलै २००१ रोजी पोलिसांनी भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या कचेऱ्यांवर छापे घातले आणि चार कार्यकर्त्यांना अटक केली. या संस्थांची माणसं बागांमध्ये, रस्त्यांवर आपल्यासारख्याच समलिंगी पुरुषांना भेटून एड्सची माहिती देत आणि निरोध वाटत. जप्त झालेला मुद्देमाल म्हणजे पुस्तिका, चित्रफिती आणि निरोध कसा वापरायचा हे दाखवण्याचं साहित्य. त्यावर समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागलं, अश्लीलतेचंही कलम लागलं. ४७ दिवस चौघे तुरुंगात होते. आदल्याच वर्षी अल्मोड्यात ‘सहयोग’ संस्थेच्या कार्यकर्त्यांना एड्सवरच्या पुस्तिकेपायी तुरुंगात जावं लागलं होतं. अल्मोडा तेव्हा उत्तर प्रदेशातच होतं, आणि ‘सहयोग’चं काम पुढे लखनौहून चालू लागलं.

सांगणारा आपल्यातलाच असला की काय होतं, ते याच लखनौ जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी दिसतं. शहराच्या उत्तरेला सीतापूर रस्त्यावर बख्शी का तालाब आहे. वायुदलाच्या तळामुळे नाव ऐकलेलं असतं, पण पंचक्रोशीत ते गाव ओळखलं जातं रामलीलेमुळे. १९७२ साली मैकूलाल यादव आणि डॉ. मुजफ्फर हुसैन यांनी ती सुरू केली. राम-लक्ष्मणाच्या भूमिका इथे मुसलमान घरातली तरुण मुलं करत आली आहेत, आणि मोहम्मद साबिर खान यांनी वर्षानुवर्षं दिग्दर्शन सांभाळलं आहे. हिंदू-मुसलमान एकोप्यावर याच गावात कुणी भाषण ठोकलं असतं तर लोक ऐकून घरी गेले असते. रंगमंचावरचा राम मात्र शेजारच्या गल्लीतला, कालपरवापर्यंत आपल्याच मुलांबरोबर खेळलेला, त्यामुळे त्याला गाव आपला मानतं.

नाटक आणि बरोबरीचा मित्र, या दोन वाटांनी पोहोचलेली गोष्ट लवकर पटते. वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराबद्दल सांगायचं तर याहून योग्य वाट नाही, हे आज आरोग्यखात्याच्या मार्गदर्शिकांमध्ये लिहिलेलं असतं. ते तिथवर यायला फार वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी वाट महाराष्ट्रात चालली गेली.

पहिलं नाव अर्थातच र. धों. कर्वे यांचं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली तरी माघार घेतली नाही, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. या मासिकाचं सर्वांत जिवंत अंग म्हणजे वाचकांची पत्रं. लोक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल, लग्नाच्या पहिल्या रात्रीच्या भीतीबद्दल विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. लखनौचे ४७ दिवस आणि हे २०० रुपये यांच्यात सहा दशकांहून अधिक अंतर आहे, पण आरोप तोच: शरीराबद्दलच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं.

कर्वे छापून सांगत होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मराठी मुलखात वेगळी परंपरा आधीपासून होती. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या असे. कुणी विचारू नये ते तो विचारायचा, पंडिताला अडवायचा, पाटलाला उघडं पाडायचा. बाईपुरुषाच्या, नवराबायकोच्या संबंधांवर बोलायला गावात त्याच्याइतका मोकळा माणूस दुसरा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधकांनी हाच साचा उचलला आणि जलसे उभे केले. गणेशवंदनेच्या जागी सत्याचं स्तवन आलं, बतावणीत भटजीची फजिती आली. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. गंमत ऐकायला जमलेला माणूस विचार घेऊन घरी जातो, हे जलशांनी दाखवून दिलं. आरोग्याच्या पुढच्या सगळ्या पथनाट्यांमध्ये एक बावळट, सगळं विचारणारं पात्र असतंच. तो सोंगाड्याच आहे, फक्त डोक्यावरचा फेटा गेला आणि अंगात शाळेचा गणवेश आला.

स्वातंत्र्यानंतर सरकारही या वाटेने आलं. १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला, असं करणारा तो पहिला देश. १९५४ मध्ये केंद्राचा गीत आणि नाटक विभाग सुरू झाला. लोकनाट्य, कीर्तन, भारूड, पोवाडा, जे जे हाताशी होतं ते कामाला लागलं. लखनौमध्ये वेल्दी फिशर यांच्या साक्षरता निकेतनाने कठपुतळ्यांना शिकवायला लावलं. साक्षरतेबरोबर आरोग्य आणि छोटं कुटुंब हे विषयही बाहुल्यांच्या तोंडी आले, कारण माणसाच्या तोंडून जे ऐकताना सासू उठून गेली असती ते लाकडी बाहुलीकडून ती ऐकून घेत असे. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशच्या ‘सिफ्सा’ या कुटुंबनियोजन यंत्रणेने नौटंकी, कव्वाली, आल्हा, बिरहा म्हणणाऱ्यांनाही या कामात ओढलं.

या साऱ्यात एक मोठी पोकळी होती. सरकारचा श्रोता ठरलेला होता: पात्र जोडपी. नर्सबाईंच्या रजिस्टरात लग्न झालेल्यांचीच नोंद असायची. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळी म्हणजे काय, चौदा वर्षांच्या मुलाला रात्री झोपेत काय होतं, हे सांगणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. त्या मुलीचं सोळाव्या वर्षी लग्न झालं की ती एकदम रजिस्टरात यायची, आणि तोवर बराच उशीर झालेला असायचा.

किती उशीर, ते गडचिरोलीत कळलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दुखणं अंगावर काढायचं, बोलायचं नाही, हे बायका मुलीपणीच शिकल्या होत्या. राणी बंग यांनी पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. या शिबिरांची ताकद तिथल्या मोकळ्या प्रश्नोत्तरांमध्ये आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची सोय दिली की मुलं काय काय विचारतात, हे असं शिबिर घेतलेला कुठलाही माणूस सांगेल. चिठ्ठ्यांची घडी इतकी बारीक घातलेली असते की उलगडताना कागद फाटतो. आणि वाचून दाखवलेला प्रश्न आपलाच आहे हे कळू नये म्हणून विचारणारा सर्वांत मोठ्याने हसतो.

नाटकाकडे वळायचं तर १९८३ साल महत्त्वाचं. ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्रीमुक्ती संघटनेने त्या वर्षी रंगमंचावर आणलं. नेपथ्य नाही, पोशाखाचा थाट नाही, गाणी म्हणणाऱ्या साध्या बायका. वस्तीत, शाळेच्या पटांगणात, कुठेही प्रयोग व्हायचा, आणि नंतर इतर भाषांमध्येही गेला. किशोरवयीन मुलांचा प्रश्न समोर आल्यावर याच संघटनेने त्यांच्यासाठी ‘जिज्ञासा’ उपक्रम उभारला. नाटक बघून मनात उठलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायला नंतर कुणीतरी असावं लागतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांचंच काम टिकलं.

याच सुमारास, १९८६ मध्ये, मनोविकारतज्ज्ञ आणि नट असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आली. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या आणि मुलांच्या बाजूने जग बघायचं, ही त्यांची रीत. त्याच बर्लिनमध्ये ‘रोटे ग्रुट्झे’ नावाच्या नाटकमंडळीने १९७३ मध्ये लहान मुलांसाठी थेट लैंगिक शिक्षणाचं नाटक केलं होतं. त्याच्या नावाचा अर्थ ‘त्याबद्दल बोलायचं नसतं’. १९७६ मध्ये त्यांनी पौगंडावस्थेतल्यांसाठी प्रेमावरचं दुसरं नाटक केलं. मराठी बालरंगभूमी विनोदात, गाण्यात, कल्पनेत संपन्न आहे, पण या विषयावरचं इतकं धीट नाटक तिने तेव्हा केलं असतं तर दोन पिढ्यांचं भलं झालं असतं.

बरोबरीच्या मित्राने शिकवायचं, ही पद्धत इथे एड्समुळे रुजली. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने वेश्यावस्तीत काम सुरू केलं. निरोध वाटणाऱ्या आणि समजावणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या होत्या. त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. पुढे सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली या मंडळींनी स्वतःच्या जगण्यावरचं नाटकही केलं. बाहेरून आलेल्या डॉक्टरपेक्षा शेजारच्या खोलीतली बाई अधिक विश्वासाची, हे सांगलीत सिद्ध झालं.

मुलींच्या बाबतीत पैठण तालुक्यातलं पाचोड आठवावं. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. रोज संध्याकाळी एक तास. शिकवणाऱ्या गावातल्याच, किमान सातवीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया. विषय आरोग्याचे, आहाराचे, हक्कांचे, ग्रामपंचायत कशी चालते याचेही. जिथे हे वर्ग झाले तिथे मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १९९७ ते २००१ या काळात सोळावरून सतरावर गेलं. शेजारच्या, वर्ग नसलेल्या भागात ते हललं नाही. एका वर्षाचा फरक शहरातल्या माणसाला क्षुल्लक वाटेल. ज्या मुलीला ते वर्ष मिळालं तिच्यासाठी तो दहावीचा निकाल असतो, किंवा पहिल्या बाळंतपणाआधी वाढलेलं शरीर.

मग २००७ उजाडलं. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाविरुद्ध गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. चित्रं उघडीवाघडी आहेत, मुलं बिघडतील, संस्कृती बुडेल, अशी सगळी कारणं दिली गेली. मुलं तोवर काय बघत होती, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं एका एकांकिकेने. अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या ‘बीपी’वरून रवी जाधव यांनी केलेला ‘बालक-पालक’ हा सिनेमा जानेवारी २०१३ मध्ये आला. मुंबईच्या चाळीतली चार मुलं. चाळीतल्या एका ताईने ‘शेण खाल्लं’ एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडतं, अर्थ कुणी सांगत नाही. शेवटी ती विशूकडे जातात. विशू थोडा मोठा, सगळं ठाऊक असल्याच्या आवेशातला, आणि त्याच्याकडे व्हिडिओ कॅसेट आहे. त्यानंतर मुलांच्या आपसातल्या मैत्रीचं काय होतं ते सिनेमाने फार हळुवारपणे दाखवलं आहे. मुलगा मुलीकडे बघतो ती नजरच बदलते. किशोर कदम यांनी साकारलेले काका शेवटी समोर बसून बोलतात तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या बाकावर एक विशू असतोच. मुलं एकमेकांकडूनच शिकतात, आणि कुठल्याही सरकारने बंदी घातली तरी शिकत राहतात. म्हणून विशूला हाकलून काही साधत नाही. त्याच्याजवळ कॅसेटऐवजी खरी माहिती असेल, आणि उत्तर येत नसेल तेव्हा कुणाकडे पाठवायचं हे त्याला ठाऊक असेल, यासाठीच इतक्या लोकांनी इतकी वर्षं खटपट केली.

७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने ही खटपट सरकारी योजनेत आणली. गावात हजार लोकसंख्येमागे चार ‘साथिया’, दोन मुलगे आणि दोन मुली. त्यांनी मित्रमैत्रिणींचे गट करायचे, खेळ आणि भूमिकानाट्यांतून बोलायचं, गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं. महाराष्ट्रात किशोरांसाठीच्या अशा दवाखान्याला ‘मैत्री’ क्लिनिक म्हणतात. याच काळात, २०१७ मध्ये, अतुल पेठे यांनी अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगमंचावर आणलं, गिरीश कुलकर्णी त्यात कर्वे झाले, आणि ज्या उत्तरांसाठी दंड झाला होता ती उत्तरं नाट्यगृहात मोठ्याने ऐकू आली.

साथियाच्या कामातली खरी अडचण वयाची आहे. पंधरा ते एकोणीस वर्षांची मुलं यासाठी निवडली जातात. वर्षभरात त्यांना बोलायची सवय होते, भूमिकानाट्यात लाजणं थांबतं, आणि तोवर बारावी येते. मुलगा कामाला शहरात जातो, मुलगी कॉलेजला किंवा सासरी. मग गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला पुन्हा नव्या चौघांना शोधून त्यांच्या घरी जावं लागतं. ओट्यावर बसून त्यांच्या आईवडिलांना पहिल्यापासून सांगावं लागतं, की तुमची मुलगी तिथे नेमकं काय शिकणार आहे आणि ते तिला लग्नाआधीच का कळायला हवं.