जागल्या आणि नोंदवही

दख्खनच्या जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा करणारा जागल्या हा गावाचा माणूस होता. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की पुढील जबाबदारी तेथील जागल्याची. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. पुणे-सातारा भागात हे काम प्रामुख्याने रामोशी करीत. पुरंदर किल्ल्याची रखवाली हा ज्यांच्या घराण्याचा वारसा, त्या उमाजी नाईकांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड पुकारले. १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले.

पुढे १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलीस कायदा झाला. पोलीस पाटील व त्याच्या हाताखालील गावनोकर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सत्तेखाली आले. गुन्ह्याची खबर वर पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. गावाला बांधलेला पहारेकरी अशा रीतीने सरकारला बांधला गेला.

दुसरीकडे, १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात आणि हजेरी द्यावी लागे. व्यक्तीचा अपराध सिद्ध होण्याची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. या कलंकाची झळ रामोशी समाजालाही लागली. आणि छावणीतील साहेब मात्र आपल्या बंगल्यावर रामोशीच पहाऱ्यास ठेवीत! ज्याच्या भरवशावर झोपावे, त्याच्याच जमातीला चोर म्हणावे, असा हा न्याय होता.

स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज रामोशी समाजाची गणना महाराष्ट्रातील विमुक्त जातींत होते. १९८१ साली महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. त्यातही नोंदणी आहे, परंतु तिचा हेतू निराळा आहे: मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाला ठरलेले वेतन, रजा व भविष्यनिर्वाह निधी मिळावा.

नोंदवही स्वतः चांगली वा वाईट नसते. नाव लिहिणारा हात त्या माणसावर नजर ठेवण्यासाठी लिहितो की त्याचा हक्क राखण्यासाठी, यावर सारे अवलंबून असते. आपल्या इमारतीच्या दारात रात्रभर बसणाऱ्या रखवालदाराचे नाव कोणत्या वहीत आहे, हे आपण एकदा तरी विचारावयास हवे.