द्विपाद चाल : पायांच्या जीवाश्मांचा पुरावा

माणसाचे पूर्वज दोन पायांवर कधी चालू लागले, हे ठरवताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना फार महत्त्व असते. प्रसिद्धी मात्र बहुधा कवटीलाच मिळते.

यूजीन द्युब्वा या डच वैद्याला 1891 साली जावातील त्रिनील येथे कवटीचा वरचा भाग सापडला. पुढच्याच वर्षी तिथे मांडीचे हाडही मिळाले, थेट आजच्या माणसाच्या वळणाचे. त्यावरूनच 1894 मध्ये त्याने या प्राण्याला ‘पिथेकँथ्रोपस इरेक्टस’, म्हणजे ताठ चालणारा कपिमानव, असे नाव दिले. ते हाड कवटीइतके जुने नसावे, असे पुढे अनेकांचे मत पडले. नावातले ‘इरेक्टस’ तेवढे टिकले.

अधिक बोलका पुरावा 1973 मध्ये इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना मिळाला : सुमारे 34 लाख वर्षांपूर्वीचा गुडघा. चिंपँझीचे मांडीचे हाड गुडघ्यावर जवळजवळ सरळ उभे असते. माणसाचे खुब्यापासून आत कलत येते, त्यामुळे गुडघे शरीराच्या मध्यरेषेजवळ येतात आणि एक पाऊल उचलले तरी तोल सावरता येतो. तान्ह्या बाळाच्या हाडात हा कोन नसतो. मूल चालायला लागल्यावर तो हळूहळू तयार होतो. हदारच्या हाडात तो स्पष्ट दिसतो, म्हणजे तो प्राणी खरोखर चालला होता. पुढच्या वर्षी तिथेच 32 लाख वर्षांपूर्वीचा, ‘लूसी’ नावाने ओळखला जाणारा सांगाडा सापडला. लूसीच्या जातीचा मेंदू चिंपँझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. मेंदू आधी वाढला आणि मग माणूस उभा राहिला, ही जुनी समजूत त्यामुळे निकालात निघाली. केनियातील कानापोई येथे मिळालेल्या नडगीच्या हाडाने द्विपाद चालीचा काळ आणखी मागे, 41 लाख वर्षांपर्यंत नेला.

त्याहून मागे गेले की वाद सुरू होतात. केनियाच्या टुगेन टेकड्यांत 2000 साली ब्रिजित सेन्यू आणि मार्टिन पिकफर्ड यांच्या चमूला सापडलेला ‘ओरोरिन’ सुमारे 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या मांडीच्या हाडाची ठेवण द्विपाद चालीकडे बोट दाखवते, असे बहुतेकांना वाटते. चाडच्या वाळवंटात 2001 मध्ये मिळालेल्या, सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीच्या ‘तुमाई’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. कवटीची घोषणा 2002 मध्ये झाली. त्याच ठिकाणचे मांडीचे हाड मात्र प्राण्यांच्या हाडांत पडून होते. 2004 मध्ये ते ओळखू आले, पण त्याचे सविस्तर वर्णन छापायला 2020 उजाडले. त्या लेखकांनी द्विपाद चालीवर शंका घेतली, तर 2022 मध्ये दुसऱ्या गटाने ती ग्राह्य धरली. या हाडाची खुब्याकडची आणि गुडघ्याकडची दोन्ही टोके तुटलेली आहेत, त्यामुळे युक्तिवाद मुख्यतः मधल्या दांड्याच्या ठेवणीवर चालतो.