शंभरावरून दहावर

श्रोतेहो, कसाऱ्याहून इगतपुरीकडे गाडी चढू लागली म्हणजे तिला मागून आणखी इंजिने लावतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उतरणीवर तर बंदोबस्त आणखी कडक. ठरल्या जागी थांबून ब्रेक नीट लागतात हे पटवल्याशिवाय गाडीला पुढे जाता येत नाही. आणि तरीही ती निसटलीच, तर तिला अडवायला चढाचा एक वेगळा फाटा काढून ठेवलेला असतो. गाडीसाठी किती हा विचार!

हा थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंत सुरू झाला. सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांचा चढ, १३ बोगदे आणि एहेगावचा सुमारे १८० फूट उंचीचा पूल. हे आकडे गुरुजी वर्गात सांगतात, सांगावेतच. पण ते बोगदे पोखरणाऱ्या माणसांच्या जिवासाठी काय बंदोबस्त होता? सुरुंगाची दारू हातात आणि पायाखाली तुटलेला कडा. याच सुमारास खंडाळ्याकडे बोरघाटाचे काम चालले होते. तिथे माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडून सुरुंगाची पहिली भोके पाडून घेतली. जानेवारी १८६१ मध्ये त्या एका घाटात ४२,००० माणसे कामावर होती. पटकीची साथ आली की झोपड्यांच्या रांगा ओस पडत. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून तिथे दंगा झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १८६० साली कायदा झाला. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटपुढे झटपट निकालात निघावा, आणि करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षाही व्हावी, एवढाच त्याचा रोख. सुरुंगाबद्दल, पिण्याच्या पाण्याबद्दल त्यात काही नव्हते. अपघातात मेलेल्याच्या वारसांनी भरपाईचा दावा लावावा असा कायदा १८५५ सालीच झाला होता, खरा. पण परमुलखातून आलेल्या मजुराची विधवा दिवाणी कोर्टाची पायरी कशी चढणार?

पहिला कारखाना कायदा आला १८८१ साली. धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला, सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नका, महिन्यात चार सुट्ट्या मुलांना द्या, असे तो सांगे. मात्र यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यालाच तो लागू होता. शिवाय वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून मोकळे. आता आपल्या शेजारच्या खानदेशात बघा. कापसाचे जीन चालायचे हंगामापुरतेच. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे जी साक्ष झाली, तिच्यात पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत राबणाऱ्या बायकांची हकीकत आहे. कायदा होता, पण तो जीनच्या दारापर्यंत पोचत नव्हता.

त्याच १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन कमिशनकडे पाठवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार या मागण्या सर्वांच्या तोंडी आहेत. पण काम करताना जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी मिळावी, कायमचा अधू झाल्यास त्याची सोय लावावी, ही मागणीही त्यातच होती. रविवारच्या सुट्टीपुढे ती विसरली गेली, हे मला नेहमी खटकते. भरपाईचा कायदा त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, म्हणजे १९२३ साली झाला.

इकडे कारखाना कायद्याचा आकडा हळूहळू घाट उतरत होता. १८९१ साली शंभराचे ५० झाले, १९२२ साली २०. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तर १० माणसांचा कारखानाही आत घेतला. आता या दहाच्या आकड्याचे महत्त्व घोटीला जाऊन बघावे. इगतपुरी तालुक्यातली ही भाताची बाजारपेठ, आणि भातगिरण्या तिथे जुन्या. हलरचा पट्टा फिरत असतो, कोंडा उडत असतो. धोतराचा सोगा किंवा पदराचे टोक पट्ट्यात गेले की माणूस ओढला जायला क्षणही लागत नाही. त्या कायद्याने फिरत्या पट्ट्याला व पुलीला जाळी घालायला सांगितले, पट्ट्याजवळ जाणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे द्यायला सांगितले, आणि चालत्या यंत्राला तेल घालण्याचे वा ते पुसण्याचे धोक्याचे काम बाईला देऊ नये असे बजावले. हे मोठ्या खर्चाचे नाही. गावचा लोहार जाळी करून देईल. पण आठ माणसांची गिरणी त्यातून सुटलीच. आणि पट्टा काही माणसे मोजून ओढत नाही!

आता चित्र पुन्हा बदलले आहे. मुंढेगावच्या मोठ्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी आग लागून कामगार दगावले, ते या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. २०२० साली संसदेने कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांची नवी संहिता केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कायदा मागे पडला. तिच्यात कारखान्याच्या व्याख्येचा आकडा दहावरून पुन्हा २० वर गेला. उतरलेला घाट परत चढल्यासारखे हे झाले, असे माझे मत आहे. पण दुसरी एक गोष्ट चांगली झाली. नुसत्या निरीक्षकाच्या जागी निरीक्षक आणि मार्गदर्शक अशा दुहेरी नावाचा अधिकारी आला. कायदा कसा पाळावा हे मालकाला व कामगाराला समजावून सांगणे, हे त्याचे काम म्हणून लिहून ठेवले आहे. तपासणीचा साहेब येणार म्हटले की छोट्या गिरणीवाल्याच्या पोटात गोळा येतो. तोच साहेब जाळी कुठे बसवायची ते दाखवू लागला तर दार उघडताना मालकाचा हात अडखळणार नाही.

जुन्या कायद्यात आणखी एक कलम होते. कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना कळेल अशा भाषेत दाराजवळ, सहज दिसेल असा लावावा, असे ते सांगे. असले तक्ते पुष्कळ ठिकाणी पोत्यांच्या थप्पीमागे गेले. गुरुजी, आपल्या शाळेतल्या सातवीच्या मुलाचा बाप अशा गिरणीत असेल, तर तिथे कोणता कागद लावला आहे आणि त्यात काय लिहिले आहे, ते त्याने एका रविवारी बापाबरोबर जाऊन वहीत उतरवून आणावे, आणि सोमवारी वर्गात वाचून दाखवावे.