घोडबंदरची तटबंद वास्तू : फोरास, तट आणि रयत

माजिवड्याच्या नाक्यावरून निघणारा हमरस्ता ज्या गावाचे नाव धारण करतो, त्या घोडबंदरास वसईच्या खाडीवरील टेकडीवर पोर्तुगीज अमदानीतील तट व बुरूज आजही उभे आहेत. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून बंदरास हे नाव पडले, अशी समजूत रूढ आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई व साष्टी पोर्तुगीजांस दिली. त्यांच्या सरकारने गावे आपल्या सरदारांस बहुधा तीन पिढ्यांच्या करारावर लावून दिली. गावधन्याने सालीना ठराविक ‘फोरो’ भरावा व युद्धप्रसंगी चाकरी करावी, असा तो रिवाज होता. आपल्या भाषेतील ‘फोरास’ हा शब्द त्याचीच खूण होय. हे धनी गावातच वाडे बांधून राहात. समुद्रमार्गे येणाऱ्या चाच्यांचे भय नित्याचे असे. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या किनाऱ्यावर उतरून लूट केली. साहजिकच राहते घर हेच गढी बनले. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये या खाडीने गेला, तेव्हा घोडबंदर येथे त्यास एका धनाढ्य पोर्तुगीजाचे असेच तटबंद घर आढळले. पुढे येथील कोट वाढत गेला.

तथापि केवळ चिऱ्यांनी मुलूख राखला जात नाही. धर्माचरणावरील निर्बंधांनी गांजलेल्या रयतेचे गाऱ्हाणे मालाडचे अंताजी रघुनाथ व अंजूरचे गंगाजी नाईक यांनी पेशव्यांपर्यंत पोहोचविले. १७३७ मध्ये मराठी फौजा साष्टीत उतरल्या, तेव्हा ठाण्याचा कोट अर्धवटच बांधलेला होता. ठाणे पडले, त्याच मोहिमेत घोडबंदरही मराठ्यांकडे आले; १७३९ मध्ये वसईही पडली. ज्या गावांच्या उत्पन्नावर हे तट उभे राहिले, तीच गावे धन्यांच्या पाठीशी नव्हती, हा या पराभवातील मोठा बोध होय.

मिरा-भाईंदर महानगरपालिकेने अलीकडे या किल्ल्याच्या दुरुस्तीची कामे केली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तट धन्याची कथा सांगतात. रयतेची कथा जुन्या सनदा, फाळण्या व खातेवह्या यांतच सापडावयाची. आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर अशी दप्तरे असल्यास ती वाळवीच्या स्वाधीन न करता त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, अशी सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.