बादलीतलं पाणी उणे १२७ अंश? आर्डुइनोने पाण्याचं तापमान मोजताना नेमकं काय होतं

भर मे महिन्यात बादलीत सेन्सर सोडला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडा आला : उणे १२७ अंश सेल्सिअस. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावर १९८३ साली नोंदलेला नीचांकसुद्धा उणे ८९.२ अंशांचा आहे. मग वायर जरा हलवली की तोच आकडा ८५ होतो आणि क्षणभराने ३१.

आर्डुइनो घेऊन पाण्याचं तापमान मोजायला बसलेल्या बहुतेकांना हे दोन विचित्र आकडे कधी ना कधी भेटतात. फोरवर्डमध्ये फिरणाऱ्या 'दहा मिनिटांत बनवा' छाप व्हिडिओंमध्ये मात्र त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुढे त्याच आकड्यावर पाण्याचा हीटर चालू-बंद होणार असेल, तर हे गप्प राहणं महागात पडू शकतं.

सामान काय लागतं?

आर्डुइनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत तो तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, हा हेतू. नाव मिळालं ते गावातल्या एका बारवरून आणि त्या बारला नाव होतं अकराव्या शतकातल्या आर्डुइन राजाचं. डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवल्यामुळे त्याच्या असंख्य स्वस्त आवृत्त्या निघाल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत त्या सहज मिळतात.

पाण्यासाठी सर्वात जास्त वापरला जाणारा सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. मूळ चिप डॅलस सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीची. पाण्यात सोडायला ती स्टीलच्या बारीक नळीत बंद करून, मीटरभर वायर जोडून विकतात. ही चिप उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजते. उणे १० ते ८५ या पट्ट्यात चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते, असं कंपनी सांगते. त्या पट्ट्याबाहेर ही हमी सैल होते.

एलएम३५ नावाचा आणखी एक जुना सेन्सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत अनेकांनी वापरलेला असेल. तो दर अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनो बोर्ड मात्र ५ व्होल्टचे १०२४ भाग करून वाचतो, म्हणजे एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची, अर्ध्या अंशाची. त्यात वायर लांब असेल तर आकडा थरथरतो. डीएस१८बी२० हे मोजमाप स्वतःच्या पोटातच करतो आणि तयार आकडा पाठवतो, त्यामुळे लांब वायरीवरही आकडा बिघडत नाही.

जोडायच्या वायरी तीनच. लाल वीजपुरवठ्याला, काळी ग्राउंडला, पिवळी डेटाच्या पिनला. रंग बहुधा हेच असतात, पण सोबतचा कागद एकदा पाहावा. चौथी गोष्ट विसरली जाते ती ४.७ किलोओहमचा रेझिस्टर : पिवळा, जांभळा, लाल पट्टे असलेला. तो लाल आणि पिवळ्या वायरीच्या मध्ये लावायचा. कारण सेन्सरला डेटाची वायर फक्त शून्यावर खेचता येते, पुन्हा वर उचलता येत नाही. वर उचलायचं काम हा रेझिस्टर करतो. तो नसेल तर सेन्सर आणि बोर्डमधलं बोलणं सुरूच होत नाही.

उणे १२७ आणि ८५ येतात कुठून?

उणे १२७ हे तापमान नाहीच. आर्डुइनोवर या सेन्सरसाठी सर्रास वापरली जाणारी 'डॅलस टेम्परेचर' नावाची लायब्ररी सेन्सर सापडला नाही की हा आकडा परत करते. 'पलीकडे कुणी नाही' एवढाच त्याचा अर्थ. सैल जंपर वायर, विसरलेला रेझिस्टर किंवा तुटलेली केबल यांपैकी काहीतरी असतं.

८५ ची गोष्ट वेगळी. वीज मिळताच चिपच्या मेमरीत आधीपासून ८५ हाच आकडा बसलेला असतो. सर्वात बारीक मोजमापाला, म्हणजे ०.०६२५ अंशाच्या पायरीला, चिप पाऊण सेकंदापर्यंत वेळ घेते. प्रोग्रामने त्याआधीच उत्तर मागितलं, किंवा मधेच वीज जाऊन आली, तर हा शिळा आकडा हातात येतो. पंचाईत अशी की ८५ अंशांचं पाणी खरोखरही असू शकतं. म्हणून ३१ नंतर एकदम ८५ आणि पुन्हा ३१ असं दिसलं, तर मधला आकडा टाकून द्यावा. बादलीभर पाणी एका सेकंदात ५४ अंशांनी तापत नाही.

खरा धोका हीटरला जोडल्यावर

समजा कुणी प्रोग्राम लिहिला : पाणी ४० अंशांपेक्षा थंड असेल तर रॉड चालू ठेव, नाहीतर बंद कर. वाचायला बरोबर वाटतं. आता सेन्सरची वायर निसटली. आकडा आला उणे १२७. तो ४० पेक्षा कमीच आहे. म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबाने पाणी गारठलंय आणि रॉड चालूच राहणार. पाणी उकळलं तरी, आटलं तरी.

हा बग एका ओळीने जातो. आकडा शून्य ते ८० च्या बाहेर गेला की रॉड बंद, असं आधी लिहायचं आणि ४० ची तुलना नंतर करायची. दुसरी ओळ वेळेची : ठरावीक मिनिटांनंतर आकडा काहीही असो, रॉड बंद. तरीही रिलेचे संपर्क चिकटू शकतात, आणि त्यावर प्रोग्रामकडे इलाज नाही. घरच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅटबरोबर वेगळा थर्मल कटआउट असतो तो अशाच प्रसंगासाठी. बादलीत टाकायच्या साध्या रॉडमध्ये बहुधा यातलं काहीच नसतं. २३० व्होल्टचा १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. ब्रेडबोर्डवर करायचं हे काम नाही. ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच करून घ्यावं.

आणि नुसतं मोजायचं असेल तरी रॉड चालू असताना पाण्यात सेन्सर किंवा हात घालायचा नाही. आधी बटण बंद, मग प्लग सॉकेटमधून बाहेर, मग सेन्सर. अंघोळीच्या पाण्याचा आकडा महत्त्वाचा असतोच, कारण ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजते आणि लहान मुलांची त्याहून लवकर. पण बाळाला पाण्यात बसवण्याआधीची शेवटची तपासणी कोपर बुडवून किंवा मनगटावर पाणी घेऊनच करावी.

आकडा खरा कशावरून?

बाजारात या चिपच्या नकला भरपूर आहेत, आणि बाहेरून फरक कळत नाही. घरच्या घरी करता येणारी सर्वात भरवशाची परीक्षा बर्फाची. ग्लास बारीक फोडलेल्या बर्फाने भरायचा, फटी बुजतील एवढंच थंड पाणी घालायचं, ढवळायचं आणि सेन्सर मधोमध धरून काही मिनिटं थांबायचं. टोक तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. आकडा शून्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे आला तर ठीक. कायम ०.४ जास्त दाखवत असेल, तर प्रोग्राममध्ये तेवढा वजा करता येतो. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर सेन्सर बदललेला बरा.

उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र फसवी. १०० अंश हा समुद्रसपाटीचा आकडा. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश. मुंबईत १००, पण साधारण ५६० मीटरवरच्या पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६. पुण्यात ९८ दिसले म्हणून कुणी सेन्सरला दोन अंशांची 'दुरुस्ती' केली, तर चांगला सेन्सर बिघडवल्यासारखं होईल. शिवाय ८५ च्या वर अर्ध्या अंशाची हमीच नाही.

सेन्सर मोजतो ते स्वतःचं तापमान

हे ऐकायला विनोदी वाटतं, पण थर्मामीटर कुठलाही असो, तो स्वतः किती तापला तेच सांगतो. पाण्याची उष्णता स्टीलच्या नळीतून चिपपर्यंत पोचायला वेळ लागतो. स्थिर पाण्यात जास्त, ढवळलेल्या पाण्यात कमी. आकडा सरकायचा थांबला की मगच वाचायचा.

दुसरा प्रश्न जागेचा. रॉड बंद केल्याबरोबर बादलीच्या वरचं पाणी चटका देणारं आणि तळाचं कोमट असू शकतं. तळ्यात तर दुपारी वरचा थर तापतो, खाली थंड पाणी तसंच राहतं. इथे या सेन्सरचा खरा फायदा दिसतो. प्रत्येक चिपला कारखान्यातच ६४ बिटचा स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे एकाच डेटा वायरीवर अनेक सेन्सर लावता येतात. एक पृष्ठभागाजवळ, एक मध्यावर, एक तळाशी. पिन एकच लागते.

मत्स्यपालन करणाऱ्यांना हे उपयोगाचं आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच वेळी गरम पाण्यात माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून उन्हाळ्यातली पहाट सर्वात नाजूक. पण एक लक्षात ठेवायचं : हा सेन्सर ऑक्सिजन मोजत नाही. २९ अंश दिसले म्हणून एरेटर बंद ठेवायचा, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. त्यासाठी वेगळा आणि बराच महाग प्रोब लागतो.

कायम पाण्यात ठेवायचा असेल तर स्टीलची नळी आणि वायर जिथे जुळतात तो सांधा पाहावा. स्टील गळत नाही, हा सांधा गळतो. तिथे इपॉक्सी भरून वर हीट-श्रिंक नळी चढवली तर सेन्सर जास्त टिकतो. केबलचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात फक्त टोक बुडवायचं. दोन-तीन महिन्यांनी सेन्सर बाहेर काढून पुन्हा बर्फाच्या ग्लासात धरायचा. पहिल्या दिवशी आलेला आकडा नळीला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला असेल, तर तो किती सरकलाय ते लगेच कळतं.